मामाची दाढ
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)

चेअरमनसाहेब म्हणाले, आरोग्यावर चार शब्द बोला. मी काही डॉक्टर नाही. पण माझ्या धाकट्या भावाच्या दाढेनं मला जे शिकवलं, ते सांगते.

सोसायटीतली पोरं त्याला मामा म्हणतात. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. गेल्या वर्षी त्यानं भाकरी सोडली, नुसता दूधभात खायचा. रात्री स्वतःच्याच गालावर मारून घ्यायचा. हट्ट करतोय म्हणून मी रागावले. दाढ दुखतेय हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि मला महिनाभर कळलं नाही.

एका दवाखान्यात तिघांनी हातपाय धरून तोंड उघडायला लावलं. तो चावला आणि सुटून थेट मिरजकर तिकटीपर्यंत पळाला. नंतर नुसती चप्पल घातली तरी ‘दात नाही’ म्हणायचा.

दुसऱ्या डॉक्टरांनी भुलीचं नाव काढल्यावर मीच घाबरले. एवढ्याशा दाढेला भूल? ते म्हणाले, “ताई, धरून ठेवण्यापेक्षा बरी.” भीती थोडी असेल तर नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साईड आणि ऑक्सिजन देतात. माणूस जागाच असतो, फक्त सैल पडतो. हा वायू दात काढताना वापरून पाहिला तो १८४४ साली, अमेरिकेतल्या होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं, तेही स्वतःवरच! पण मामा मास्क लावूनच घेईना. मग ऑपरेशन थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पूर्ण भूल देऊन सगळं एकदाच करायचं ठरलं.

त्याआधी हृदयाची टू-डी इको केली. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. मानेचे मणकेही सैल असू शकतात, म्हणून मान जपावी लागते. सगळ्यात अवघड गेला उपास. सहा तास अन्न बंद, आणि दूधही अन्नातच धरतात. साधं पाणी तेवढं दोन तास आधीपर्यंत चालतं. पोट भरलेलं असेल तर भुलीत उलटी होऊन फुप्फुसात जायची भीती. त्या सकाळी आमच्या घरात कुणीच चहा घेतला नाही, डबे माळ्यावर ठेवले होते!

दोन दाढा काढल्या, चार भरल्या. संध्याकाळी घरी आला. आठवड्याभरानं भाकरी मागितली.

आता अधूनमधून त्याला दवाखान्यात नुसता खुर्चीत बसवून आणते. परवा त्यानं आपण होऊन तोंड उघडलं.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना अशा मुलामाणसांसाठी आहे. कागद कुठले लागतात ते विचारायला घरी या, फाईल माझ्याकडे आहे.