नाव कमावणे आणि नाव राखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदापासून मंडळातर्फे शेंगाचटणी आणि कडक भाकरी विक्रीस ठेवायचे घाटत आहे. तेव्हा विक्री आणि जाहिरात या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. ‘ब्रँड’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, हे मोठ्या कंपन्यांचे काम. आपला त्याच्याशी काय संबंध? पण ब्रँड म्हणजे तरी काय? आत काय आहे ते न पाहता गिऱ्हाइकाने विश्वास टाकावा, असे नाव. आणि नावाची किंमत सोलापूरकरांना कोणी सांगायला नको.

आपली चादरच घ्या. ‘सोलापुरी चादर’ हे नाव एका कोणा कारखानदाराचे नाही. पद्मशाली समाजातील आणि इतरही विणकरांनी मागावर बसून ते मिळवले. चादर वर्षानुवर्षे टिकते, धुऊन धुऊन मऊ होते, हा अनुभव घरोघरी आला आणि नाव झाले. नाव झाले तशा नकलाही आल्या. बाहेरगावी विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून खपू लागल्या. पुढे भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा २००३ साली अमलात आला आणि त्याखाली सोलापुरी चादर व टॉवेल यांची नोंदणी झाली. परक्याने आपले नाव चोरले तर आता कायद्याचा आधार आहे. परंतु आपणच नावाला न शोभणारा माल दिला, तर त्यावर कोणता कायदा उपयोगी पडणार? चटणीच्या पाकिटावर आपण ‘सोलापुरी’ असे लिहिणार आहोत. ते नाव एकट्या आपल्या मंडळाचे नाही. साऱ्या गावाचे आहे. आपले एक पाकीट खवट निघाले, तर पुण्यामुंबईचे गिऱ्हाईक आपल्या मंडळाला नव्हे, सोलापूरच्या चटणीला नावे ठेवील.

नाव कसे कमवावे याचा धडा घ्यायचा तर तो आपल्यासारख्याच बायकांकडून घेऊ. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. ज्यांनी पैसे उसने दिले होते, त्या छगनबाप्पा पारेखांनी सल्ला दिला, की एकच प्रत करा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला आणि खाटेखाली स्टोव्ह पेटवून पापड वाळवले. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानी गेले की ते परत वळवणे कठीण, हे त्यांनी ओळखले. आणि गंमत पाहा, ‘लिज्जत’ हे नाव त्यांनी ठेवले ते १९६२ साली, स्पर्धा घेऊन, पाच रुपयांच्या बक्षिसावर. म्हणजे तीन वर्षे माल आधी, नाव मागून. पुढे हजारो बहिणी या कामात आल्या, तरी पीठ एका ठिकाणी मळून लाटायला घरोघरी द्यायचे, ही पद्धत त्यांनी ठेवली. हात अनेक, पण चव एक.

आपणही तसेच करू या. प्रत्येकीच्या घरची चटणी उत्तमच असते. परंतु विकायची चटणी एकाच मापाची हवी. दाणे, तिखट, लसूण, मीठ यांचे वजन ठरवून ते वहीत लिहून ठेवावे, आणि दाणे किती भाजायचे तेही एकदा ठरवावे. उखळात कुटल्यावर दाण्याला तेल सुटते, ती गोडी निराळी. मिक्सरवर केली तर मिक्सरवर केली म्हणावे. ‘कुटलेली’ असे छापू नये. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा क्रमांक कायद्याने लागतोच; पण कायदा नसता तरी तारीख घालावी, कारण दाणा खवट व्हायला वेळ लागत नाही. जुना माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. सोसावा तो तोटा आपण सोसावा.

किमतीविषयी एक सांगते. हिशेब मांडताना दाणे, मिरची, गॅस, पाकीट सारे धरतो, आणि आपली मेहनत तेवढी विसरतो. ‘घरचेच तर काम!’ असे म्हणून स्वस्त विकले, तर दुसऱ्या खेपेला पैसा पुरत नाही, मग हलका दाणा येतो, आणि तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईक येत नाही. म्हणून आपल्या कुटण्याची मजुरी धरूनच किंमत ठरवावी, आणि मग ती सांगताना संकोच करू नये.

राहिली जाहिरात. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याला सारा जिल्हा लोटतो. तेथे एक टेबल मांडावे, चमचाभर चटणी भाकरीच्या तुकड्यावर ठेवून हातावर द्यावी. चव पटली तर तो माणूस घरी जाऊन चौघांना सांगेल. कोणी तक्रार घेऊन आले तर वाद न घालता ऐकून घ्यावे. न बोलता निघून जाणाऱ्यापेक्षा तो आपला अधिक हितचिंतक.

हे काम आपल्या हातून नीट व्हावे, अशी श्रीसिद्धेश्वराच्या चरणी प्रार्थना करते आणि आपली रजा घेते.