पायडलमागची ताकद

200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. मिनिटाला 80 वेळा पायडल फिरलं, तर तासाला 4800 फेऱ्या होतात. पायांत मुळातच ताकद जास्त असेल, तर प्रत्येक फेरीला तिचा लहानसाच वाटा खर्ची पडतो. लवकर थकणारे स्नायुतंतू उशिरा कामाला लागतात आणि शेवटच्या चढासाठी दम शिल्लक राहतो.

नॉर्वेचे संशोधक बेंट रोन्नेस्टाड यांनी हे तपासून पाहिलं. मुरलेल्या सायकलपटूंनी 12 आठवडे नेहमीच्या सरावाला जड वजनांच्या व्यायामाची जोड दिली. मग 185 मिनिटं सायकल चालवून झाल्यावरही शेवटच्या 5 मिनिटांत त्यांनी पूर्वीपेक्षा अधिक जोर लावला.

शिवाय सायकलवर शरीराचा बराच भार सीट पेलते, त्यामुळे हाडांना पुरेसा ताण मिळत नाही. ही उणीवही वजनं भरून काढतात.

म्हणून मोसमाआधी आठवड्यातून दोनदा स्क्वॉट आणि लेग प्रेस करा. स्क्वॉट करताना टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ सरळ, गुडघे पावलांच्या रेषेत असू द्या. सुरुवात हलक्या वजनाने, जाणकाराच्या देखरेखीखाली करा. वजन हळूहळू वाढवा, पण उचला जरूर!