वाळवंटातील हवापालट



ज्या व्यासपीठावरून संतांविषयी आणि स्वातंत्र्याविषयी ऐकण्याची आपल्याला सवय आहे, त्याच व्यासपीठावरून आज कोणी श्रीमंतांच्या स्नानगृहांविषयी बोलू लागला, तर काहींना नवल वाटेल. पण माणूस कष्ट कसे करतो हे पाहून जशी समाजाची ओळख पटते, तशीच तो विसावा कोठे घेतो आणि कोणाच्या जिवावर घेतो हे पाहूनही पटते. म्हणून आजचा तास मी या चैनीच्या विषयाला देणार आहे.

'स्पा' हा शब्द आता आपल्या शहरांतील पाट्यांवरही दिसू लागला आहे. मुळात हे बेल्जममधील एका लहानशा गावाचे नाव. तेथील खनिजयुक्त झऱ्यांचे पाणी पिण्यासाठी आणि त्यात न्हाण्यासाठी युरोपातील सरदार-दरकदार जात असत. पुढे त्या गावाचे नाव अशा सर्वच ठिकाणांना पडले. म्हणजे या संस्थेचा उगम पाण्यात आहे. मग तिची अत्यंत महागडी रूपे वाळवंटात जाऊन का बसली? जेथे वर्षाकाठी चार-पाच इंच पाऊस पडतो, तेथे मनुष्य पाण्यात डुंबण्यासाठी पैसे मोजून का जातो? या प्रश्नाचे उत्तर एका गावाच्या चरित्रात मिळते. ते गाव म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले पाम स्प्रिंग्ज.

लॉस एंजलीसपासून पूर्वेस सुमारे १०० मैलांवर हे गाव आहे. त्याच्या पाठीशी सॅन जेसिंटो नावाचा १०,८३४ फुटांचा पर्वत उभा आहे. पॅसिफिक महासागराकडून येणारे ढग आपले पाणी पर्वताच्या पलीकडच्या अंगावर ओतून टाकतात आणि अलीकडे कोरडे होऊन येतात. सह्याद्रीच्या पूर्वेला राहणाऱ्यांना ही पर्जन्यछाया समजावून सांगावयास नको. उन्हाळ्यात येथे पारा ११० अंशांच्या वर जातो. पण त्याच पर्वतावरचे बर्फ वितळून दऱ्यांतून थंड पाण्याचे ओहोळ खाली येतात आणि जमिनीत खोल मुरलेले पाणी तापून भूकवचातील भेगांवाटे पुन्हा वर येते. थंड आणि ऊन असे दोन्ही पाणी एकाच रुक्ष जागी मिळावे, हे त्या गावाचे भाग्य होय, आणि त्याच्या साऱ्या भांडणांचे मूळही तेच.

या भेगांचा प्रताप खोऱ्याच्या उत्तर बाजूस आणखी स्पष्ट दिसतो. १९१३ साली कॅबट यर्क्सा नावाचा गृहस्थ तेथे सरकारी पडीक जमीन घेऊन राहिला. आरंभी तो मैलोगणती चालून गाढवावरून पाणी आणी. पुढे त्याने विहिरी खणल्या, तेव्हा एका ठिकाणी कढत पाणी लागले आणि थोड्याच अंतरावर थंड! दोहोंच्या मधून सॅन अँड्रियास या प्रसिद्ध भूभेगेची एक शाखा जाते. तेथे पुढे डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज हे स्नानगृहांचे गाव वसले.

पाम स्प्रिंग्जचा ऊन झरा मात्र कोणी शोधून काढावा लागला नाही. काहवीया नावाच्या आदिवासी लोकांना तो हजारो वर्षांपासून ठाऊक होता. त्यांच्या भाषेत त्याचे नाव सेखी, म्हणजे उकळत्या पाण्याचा आवाज. स्पॅनिश लोकांनी त्याला आग्वा कालिएंते म्हटले, म्हणजे नुसते 'ऊन पाणी'. राजापूरजवळच्या उन्हाळ्याला आपल्या लोकांनी नाव दिले त्याच सरळ रीतीने. आज ही जमात त्याच नावाने ओळखली जाते. काहवीया लोक त्या झऱ्याला पवित्र मानत, दुखणेकऱ्याला तेथे नेत. दऱ्यांतील थंड पाणी पाटाने आणून ते मका, घेवडा, भोपळे आणि कलिंगडे पिकवीत. तेथे राबणारी, जगणारी आणि पाण्याची वहिवाट असलेली माणसे आधीपासून होती, ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढचा इतिहास पाहावयाचा आहे.

त्या खोऱ्यातून आगगाडी न्यावयाची ठरली तेव्हा सरकारने भूमीचे एक-एक चौरस मैलाचे चौकोन आखले आणि लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे विषम अंकांचे चौकोन सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीला दिले. १८७६ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हेस यांनी, सम अंकांचे चौकोन आदिवासींसाठी राखून ठेवले. नकाशा पाहिला तर बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखा दिसतो: एक घर काळे, एक घर पांढरे. ऊन झरा पडला चौदाव्या चौकोनात, म्हणजे आदिवासींच्या वाट्यास. हा चौदावा चौकोन आमच्या कथेचा नायक आहे, असे समजा.

प्रथम या गावात चैनीसाठी कोणी आले नाही. आले ते रोगी. १८८४ साली मॅकॅलम नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा वकील आपल्या क्षयी मुलाला घेऊन येथे आला. कोरडी हवा हेच त्या काळी क्षयावरचे औषध होते. त्याने एकोणीस मैलांवरून कालवा आणला, फळबागा लावल्या, पण पूर आणि त्यामागून आलेले दीर्घ अवर्षण यांनी तो डाव उधळला. १९०९ साली नेली कॉफमन या कर्तबगार बाईने 'डेझर्ट इन' काढले, तेही आरंभी एक आरोग्यधाम म्हणूनच. पण थोड्याच वर्षांत तिच्या ध्यानात आले की खोकणारा पाहुणा आणि पैसेवाला पाहुणा एका पंगतीला बसत नाहीत. तिने खोकणाऱ्यांना घेणे थांबविले. वाळवंट हे औषध होते, ते करमणूक झाले, ते या क्षणी. पुढे हॉलिवूडची मंडळी आली, तरणतलाव आले, टेनिस आले. तो तपशील आपण चित्रपटांतून पाहिलेलाच आहे.

या भरभराटीत आदिवासींचे काय झाले? त्यांच्याजवळ गावातील उत्तमोत्तम जमीन होती आणि ती त्यांना कसता येत नव्हती, विकता येत नव्हती, धड भाड्यानेही देता येत नव्हती. कायद्याने भाडेपट्टा पाच वर्षांहून अधिक करता येत नसे. पाच वर्षांच्या पट्ट्यावर हॉटेल कोण बांधणार? तेथे उठल्या त्या झोपड्या आणि लाकडी खोपटी. जमिनीच्या वाटणीचा हक्क मिळविण्यासाठी ली अरेनस या आदिवासीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९४४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. १९५० नंतरच्या दशकात या जमातीचा कारभार व्हायोला ऑर्टनर यांच्या नेतृत्वाखाली सर्वस्वी स्त्रियांच्या पंचायतीकडे होता. त्या पंचायतीने खटपट केली आणि १९५९ साली नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यास मान्यता मिळाली. लगेच झऱ्यावर नवे स्नानगृह झाले आणि १९६३ साली त्याला लागून स्पा हॉटेल उभे राहिले.

येथे कथा संपली असती तर ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवून घरी जावे इतकी ती गोड होती. पण जमीन मौल्यवान होताच दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी की, १९५९ च्याच कायद्याच्या आधारे न्यायालयाने जाणत्या, वाढत्या वयाच्या आदिवासींवर पालक नेमले. आपल्याकडे अज्ञान वारसाच्या मिळकतीवर पालक नेमतात, तसे. हे पालक म्हणजे गावातलेच वकील, व्यापारी आणि न्यायाधीश. त्यांनी आपापली फी त्याच मिळकतीतून भरपूर उचलली. शेजारच्या रिव्हरसाइड गावच्या 'प्रेस-एंटरप्राइज' या वृत्तपत्राने हा व्यवहार चव्हाट्यावर आणला, त्याबद्दल त्या पत्रास १९६८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ही पालकशाही मोडली.

दुसरी गोष्ट अधिक दारुण आहे. चौदाव्या चौकोनातील त्या खोपट्यांत कोण राहत होते? हॉटेलांतल्या चादरी बदलणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, गावातील बंगले बांधणाऱ्या काळ्या, मेक्सिकन आणि इतर गरीब मजुरांची कुटुंबे. गावाच्या इतर भागात काळ्या माणसाला घर मिळत नसे. खरेदीखतातच तशी अट घातलेली असे. जमीन मोकळी हवी झाली तेव्हा, १९६० नंतरच्या दशकात, ही घरे पाडण्यात आली आणि नगराच्या अग्निशामक दलाने ती जाळली. आग विझविणाऱ्यांनीच आग लावावी! कित्येकांना पुरेशी सूचनाही मिळाली नव्हती. कामावरून परतावे तो घर नाही. १९६८ साली राज्याच्या महाधिवक्त्याच्या कचेरीने याची चौकशी केली आणि नगरावर अत्यंत कडक शब्दांत ठपका ठेवला. नगराने रीतसर क्षमा मागितली ती २०२१ साली, आणि २०२४ साली त्या कुटुंबांना सुमारे ५९ लक्ष डॉलर देण्याचे कबूल केले. तोवर मूळ रहिवाशांपैकी कित्येकजण या जगात नव्हते. थकल्या-भागल्या श्रीमंतांनी ज्या चौरस मैलात ऊन पाण्यात अंग शेकले, त्याच चौरस मैलात त्यांच्या चादरी धुणाऱ्यांची घरे जळाली. यावर भाष्य करण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

आज काय स्थिती आहे? जमातीने १९९२ साली ते स्पा हॉटेल स्वतः विकत घेतले, नंतर जुगारगृह काढून पैसा मिळविला, २०१४ साली जुनी इमारत पाडली. २०२३ साली त्याच झऱ्यावर त्यांचे नवे स्नानगृह उघडले आणि शेजारी त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय. स्नानगृहाला नाव दिले आहे ते स्पॅनिश नाही, इंग्रजी नाही. त्यांचे स्वतःचे, सेखी. तेथे सुमारे १०५ अंशांच्या खनिजजलाचे स्वतंत्र हौद आहेत, मर्दन आहे, लेप आहेत, आणि दरही श्रीमंतांनाच परवडावेत असे आहेत. जुगाराच्या पैशाने देवाचे तळे बांधले, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. तथापि ज्यांना ऐंशी वर्षे आपल्याच जमिनीवर घर बांधण्याची सोय नव्हती, त्यांनी धनी होऊन दारात उभे राहावे, यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो.

आणि शेवटी पुन्हा पाणीच. त्या खोऱ्यात आज शंभरावर गोल्फची मैदाने आहेत. भूगर्भातील पाणी उपसून ती हिरवी ठेवतात, आणि उपशाची तूट भरून काढण्यासाठी १९७३ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी तेथे जमिनीत मुरवितात. आपल्या पायाखालच्या पाण्यावर आपला हक्क आहे की नाही, यासाठी जमातीने पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांवर दावा केला. २०१७ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की, जमीन राखून ठेवली त्या दिवशीच तिच्याखालचे पाणीही राखून ठेवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. १८७६ च्या त्या सनदेत पाण्याचा उच्चारही नव्हता. पण वाळवंटात पाण्यावाचून दिलेली जमीन म्हणजे कणगीवाचून दिलेले कुलूप होय, हे न्यायाधीशांनी ओळखले.

मंडळी, विसावा घेणे हे पाप नाही. शिणलेल्या देहाला ऊन पाण्याचे सुख राजाला जितके लागते तितकेच हमालालाही लागते. हवापालटास अवश्य जावे. मात्र जेथे जाल तेथे, समुद्रकाठी असो, डोंगरावर असो, वाळवंटात असो, तीन गोष्टी विचारून पाहाव्यात: हे पाणी मूळ कोणाच्या वहिवाटीचे? ही जमीन कोणत्या करारावर मिळाली? आणि आपली खोली झाडून जाणारी बाई रात्री निजावयास कोठे जाते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर तिलाच विचारावे लागते, आणि पाम स्प्रिंग्जच्या नगरसभेने ते विचारण्यास पन्नासाहून अधिक वर्षे लावली.