पिशवी काढली, का ते कुणी विचारलं?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. पाळीत काम थांबलं की खाडा, खाड्याचा दंड, फडावर ना संडास ना पाणी. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात जावं, तर ‘कॅन्सर होईल’ ही भीती. पण इतक्या शस्त्रक्रिया होत असताना सरकार कुठे होतं?

कागदावर होतं. खासगी दवाखान्यांसाठी आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. तो जागा बघतो, परिचारिका मोजतो. पिशवी का काढली हे विचारत नाही. केंद्राने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. त्यात किमान दर्जा आहे, नोंदी ठेवण्याची सक्ती आहे. पण आरोग्य हा राज्यांचा विषय. विधिमंडळाने ठराव केल्याशिवाय तो इथे लागू होत नाही. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. डॉक्टरांच्या संघटनांचा त्याला विरोध होता, हे वेगळं सांगायला नको.

राज्याने २०२१ मध्ये जुन्याच कायद्याचे नियम सुधारले: दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या २०२२ मध्ये. सर्व राज्यांनी त्या तीन महिन्यांत लागू कराव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. ती याचिका २०१३ ची, बिहार, राजस्थान, छत्तीसगडमधल्या बायकांसाठी. दहा वर्षं!

बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक केली गेली. मला हा उपाय अर्धा वाटतो. ऊसतोड बाई वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्याबाहेर, कधी कर्नाटकात असते. तिथे बीडचा नियम कसा पोचणार? शिवाय पाळीतली सुट्टी परवानगीने मिळत नाही.

आणि सहीचं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. प्रत्यक्षात तिला फक्त अंगठा कुठे उठवायचा ते दाखवतात.

पुढच्या बैठकीपूर्वी आपापल्या तालुक्यातल्या दवाखान्यांत सनद लावली आहे का, ते पाहून या. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांकडचे कागदही बघा: सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड, काढलेली पिशवी तपासणीला पाठवल्याचा अहवाल. नसेल तर तिच्या अर्जाने दवाखान्याकडे मागा, आणि अर्जाची पोच घ्या.