उंदराचं रक्त कशासाठी तपासायचं?

(भुकूम, ता. मुळशी येथील युवा शिबिरात केलेलं भाषण)

आपण बसलोय तिथून चांदणी चौक ओलांडून पाषाणला गेलं, की राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची बीएसएल-४ प्रयोगशाळा लागते. ती २०१२ सालची. संस्था मात्र १९५२ पासून पुण्यात आहे. 'व्हायरस रिसर्च सेंटर' हे तिचं जुनं नाव.

१९६४ साली तमिळनाडूत वेल्लोरला जपानी मेंदूज्वराचं सर्वेक्षण चालू होतं. त्यात पकडलेल्या एका चिचुंद्रीत अनोळखी विषाणू निघाला. तेव्हा प्राण्याच्या अवयवांचा अर्क उंदराच्या दूधपित्या पिल्लांना टोचायचे आणि ती आजारी पडतात का, ते बघायचे. विषाणूला नाव मिळालं थोट्टापालयम. पण तो कुठल्या घराण्यातला, हे बरीच वर्षं कळलं नाही. पुढे १९७० च्या दशकात कोरियात हो वांग ली यांनी शेतातल्या उंदरांत हंटान विषाणू शोधला. कोरियन युद्धात तीन हजारांहून जास्त सैनिकांना ताप येऊन मूत्रपिंडं बिघडली, ती याच्यामुळे. त्यानंतर उलगडलं, की वेल्लोरचा विषाणूही हंताच, आणि हाती आलेला पहिला. (चिचुंद्री खरं तर उंदीर नव्हे. आपण सगळ्यांना एकाच झाडूने हाकलतो.)

आता नीट ऐका. थोट्टापालयममुळे माणूस आजारी पडल्याचं सिद्ध झालेलं नाही. प्राण्यात विषाणू सापडला म्हणजे साथ आली, असं नसतं. त्यासाठी माणसाचं रक्त बघावं लागतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी गोदाम कामगार आणि उंदीर पकडणारे इरुला आदिवासी तपासले, तेव्हा काहींच्या रक्तात हंताविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. म्हणजे कधीतरी गाठ पडली होती, कुणाला पत्ता नव्हता. पीसीआर चाचणी जे शोधायला सांगाल तेच शोधते. अनोळखी विषाणूसाठी नमुन्यातला सगळा जनुकीय मजकूर वाचावा लागतो. ते महाग आणि वेळखाऊ काम आहे, म्हणून आधी कुठे सापळे लावायचे, हे कुणीतरी सांगावं लागतं.

तुमचा संबंध इथे येतो. भंगार, गोदाम, धान्याचा व्यापार, भातशेती यांत आपली कितीतरी माणसं आहेत. ताप आला, डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली, की 'व्हायरल आहे' म्हणून गोळ्या घेऊन घरी. रोग कुठून आला, याचं उत्तर प्रयोगशाळेतून आलं नाही, तर लोक मोहल्ल्याकडे बोट दाखवतात. २०२० मध्ये तबलीगींचं काय झालं, ते आठवा. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. पण तोवर कितीतरी भाजीवाल्यांना गल्लीतून हाकललं गेलं होतं.

म्हणून डॉक्टरांना न लाजता सांगा, 'मी गोदामात काम करतो, तिथे उंदीर आहेत.' एवढ्यावरून ते लेप्टोची चाचणी तरी सांगतील. लेप्टो हा जिवाणू, पण तोही उंदराच्या मुतातूनच येतो. आणि बंद खोलीतल्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, हंता त्या धुळीतूनच श्वासात जातो. दारं-खिडक्या उघडा, ब्लीचचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा. अम्मीलाही सांगा, माळा काढताना.