कोपेश्वराच्या आवारातला दगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाल्यावर पाटी खाली ठेवली, ती पुढे वाण्याच्या हिशेबापुरतीच हातात घेतली. चिटणीसबाई म्हणाल्या, "सहलीबद्दल चार शब्द बोल," म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले पोटात घाला.

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली आणि शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुटी मिळाली. भिशीतून थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे होतेच. आपण अकरा जणींनी गाडी ठरवली. आजवर मी फोंड्याचा घाट चढले ती लग्नकार्याला, नाहीतर कोल्हापूरच्या दवाखान्याला. नुसते पाहण्यासाठी चढले ती या वेळी पहिल्यांदाच. घरच्या पुरुषमंडळींना आपल्या जेवणाची काळजी. आमच्याकडे तीन दिवस कुळथाची पिठी झाली म्हणे, आणि कोणी उपाशी राहिले नाही!

सासूबाईंचे वय शहात्तर, गुडघे दुखतात. तरी आदल्या रात्री पिशवी भरून बसल्या. "माका पण येवचा आसा," एवढेच म्हणाल्या. पुढे कोणाची बोलायची छाती झाली नाही.

दाजीपूरच्या जंगलात गवा दिसेल म्हणून सगळ्या खिडकीला डोळे लावून बसल्या होत्या. दिसल्या त्या म्हशी. शाहूमहाराजांनी बांधायला घेतलेले राधानगरीचे धरण गाडीतूनच पाहिले. कोल्हापुरात अंबाबाईच्या रांगेत सुटीची एवढी गर्दी, की दर्शन होईतो पाय भरून आले. दुसऱ्या दिवशी नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय धुतले आणि कुरुंदवाडवरून खिद्रापूरला गेलो.

खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ बाराव्या शतकातले, शिलाहार राजांच्या काळातले. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याला दान दिल्याचा शिलालेख तेथे आहे. दारातला मंडप म्हणजे स्वर्गमंडप. त्याला ४८ खांब, आणि छत मधोमध गोल उघडे. खाली उभे राहिले की डोक्यावर निळे आभाळ! शंकराच्या देवळासमोर नंदी नाही. दक्षाच्या यज्ञात सती गेली, शंकर कोपले आणि विष्णूने त्यांची समजूत काढली, अशी कथा सांगतात. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे, कोपेश्वर आणि धोपेश्वर. नंदी राहिला नदीपलीकडे यडूरला. बाहेरून देऊळ हत्तींनी पाठीवर तोलून धरले आहे. पुष्कळांच्या सोंडा तुटल्या आहेत. २०१९ च्या महापुरात कृष्णामाई देवळात शिरली होती, तरी देऊळ जागचे हलले नाही.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. आम्ही हत्ती मोजत होतो. सासूबाई दमून सावलीत बसल्या होत्या. तेथूनच त्यांनी हाक मारली, "अगो, ह्यो बघ! ह्यो तर आपल्या घराकडचो धोंडो!"

पुरुषाच्या छातीएवढ्या उंचीचा, कप्पे पाडून कोरलेला तो दगड होता. नातवंडांना देऊळ दाखवायला आलेले एक निवृत्त शिक्षक जवळ उभे होते. त्यांनी सांगितले, हा वीरगळ. गावाच्या रक्षणासाठी, गुरेढोरे सोडवण्यासाठी जो लढून मेला, त्याच्या आठवणीचा दगड. सगळ्यांत खाली तो पडलेला, वर त्याची लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला नेताहेत, आणि सगळ्यांत वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर त्याची आठवण राहावी म्हणून. बहुतेक वीरगळांवर नाव नसते, असेही ते म्हणाले.

बायांनो, माझ्या पोटात धस्स झाले. आमच्या विहिरीवर धुण्याचा दगड आहे ना, त्याच्या कडेला गाईची शिंगे आणि माणसाचा पाय दिसतो, हे मला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होते. बावीस वर्षे मी त्यावर कपडे आपटले. मुलांची दुपटी धुतली, गोधड्या धुतल्या. गाडीत सासूबाई माझ्याशी बोलेनात. राधानगरी मागे पडल्यावर म्हणाल्या, "माझ्या सासूनेही तेथेच धुतले. कोणी सांगितलेच नाही गो."

रविवारी रात्री घरी पोचल्यावर मी चूलसुद्धा पेटवली नाही, आधी विजेरी घेऊन विहिरीवर गेले. खालचा कप्पा चिखलात रुतलेला, म्हणून शाबूत होता. चार गाई आणि त्यांच्यापाशी आडवा पडलेला माणूस. वरची लढाई नुसती हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. पिंडीच्या ठिकाणी तर आरशासारखे गुळगुळीत. ते आमच्या तीन पिढ्यांच्या हाताचे काम.

पुढे घरात वाद झाला. दीर म्हणाले, शेंदूर लावून देव करू. धाकटे म्हणाले, नव्या न्हाणीघराच्या पायाला चांगला आहे. मी कधी नव्हे ती पुरुषांच्या बोलण्यात मध्ये पडले. म्हटले, रंग नको, शेंदूर नको आणि पायातही नको. सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून निभावले, नाहीतर माझे कोण ऐकते! चौघांनी मिळून तो दगड उचलला आणि अंगणाच्या कडेला फणसाखाली उभा केला. नुसत्या पाण्याने धुतला, ब्रश लावला नाही.

तुमच्याही परसात, गोठ्याच्या उंबऱ्याला, पाणंदीच्या कडेला असे दगड असतील. आमच्याच वाडीत आणखी दोन निघाले; एक पालथा घालून त्याची पायरी केली होती. मे महिन्यात घरांची कामे निघतात, गवंडी हाताला लागेल तो दगड पायात घालतो. त्याआधी एकदा उलटून पाहा. काही कोरलेले दिसले तर मला निरोप द्या, मी सासूबाईंना घेऊन येईन. त्यांची नजर माझ्यापेक्षा बरी आहे.

धुण्यासाठी आता सिमेंटचा कट्टा केला आहे. कपडे मात्र पूर्वीसारखे निघत नाहीत.