यवतमाळ-पुसद मार्ग : दगड काय सांगतात?



यवतमाळहून दारव्हा, दिग्रसमार्गे पुसदला जाणाऱ्या वाटसरूला रस्त्याच्या कडेला कितीतरी दगड आणि फलक भेटतात. कोठे अंतराचा आकडा, कोठे गावाची कमान, कोठे धरणाकडे वळणारा बाण. पाण्यासाठी आसुसलेल्या या जिल्ह्यात धरणाचा फलक आदराने वाचला जातो. यवतमाळजवळचे निळोणा, दिग्रसजवळचे अरुणावती, पुसदजवळचे पूस आणि त्यापलीकडे पैनगंगेवरील इसापूर ही नावे लहान मुलांनाही ठाऊक असतात. मात्र या जलाशयांच्या काठच्या गावांनी काय पाहिले, हे सांगणारा दगड शोधावा लागतो.

यवतमाळ सोडताच लोहारा लागते. आज ते शहराला जवळजवळ चिकटले आहे. परंतु ‘आईन-ए-अकबरी’त परगण्याचे नाव ‘योत-लोहारा’ असे आहे. योत म्हणजे यवत. नावात तरी हे खेडे यवतमाळच्या बरोबरीने उभे होते. जिल्ह्याचे आजचे नावही तसे अलीकडचे. इंग्रजी अमदानीत हा ‘वूण’, म्हणजे वणीचा जिल्हा. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले.

याच लोहाऱ्याच्या जंगलात २१ जुलै १९३० रोजी डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. त्यासाठी त्यांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविली होती. शिक्षा नऊ महिन्यांची झाली आणि रवानगी अकोल्याच्या कारागृहात. १४ फेब्रुवारी १९३१ रोजी ते सुटले.

पण लोहाऱ्याची कथा लोहाऱ्यात सुरू होत नाही. तिचा आरंभ रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पुसदला आहे. अकरा दिवस आधी, १० जुलै रोजी, लोकनायक बापूजी अणे यांनी तेथील राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींवर मिठाचा सत्याग्रह झाला खरा. पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे रोजचे दुखणे मीठ नव्हते, जंगल होते. त्याची शेती बैलावर, बैल वैरणीवर आणि वैरण सरकारी कुंपणापलीकडे! वनवासी बांधवांचे तर सारे जीवनच त्या कुंपणाने बांधले गेले. बापूजी वणीचे, टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. विळा हे शस्त्र त्यांनी अचूक निवडले. ते घरोघरी होते.

दुर्दैव असे की पुढे स्मरणाचीही वाटणी झाली. कोणी बापूजींचे नाव घेताना डॉक्टरांना विसरतो, कोणी डॉक्टरांची जयंती साजरी करताना बापूजींना. हे दुसरे विस्मरण घरचे आहे आणि म्हणून अधिक खटकणारे आहे. डॉक्टर गेले ते इतरांनी आरंभिलेल्या आंदोलनात एक सत्याग्रही म्हणून. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही. एका रस्त्याच्या दोन टोकांना घडलेली ही एकच घटना आहे. लोहाऱ्याच्या दगडावर पुसदचा आणि पुसदच्या दगडावर लोहाऱ्याचा उल्लेख हवा.

आणि ज्यांच्यासाठी दगडही उरला नाही, त्या गावांचे काय? मोठी धरणे झाली तेव्हा काठावरच्या वस्त्या उठल्या. माणसे नव्या जागी गेली, गावाच्या नावापुढे ‘पुनर्वसन’ हा सरकारी शब्द चिकटला. देव नेता आले ते नेले. पार, विहीर, स्मशान पाण्याखाली राहिले. धरणाच्या फलकावर साठ्याचे आकडे असतात, उठलेल्या गावांची यादी क्वचितच. ज्यांनी भिजल्या डोळ्यांनी घराची आढी-वासे उतरवून बैलगाडीत भरली, ती पिढी आता थकली आहे.

इतिहास संकलनाचे काम करणाऱ्यांनी म्हणून आरंभ ग्रंथालयात नव्हे, या ओसऱ्यांवर करावा. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असताना एखाद्या आजोबांना काठावर न्यावे. देऊळ कोठे होते, शाळा कोठे भरे, गुरे कोणत्या वाटेने जंगलात जात, हे त्यांना विचारावे. सोबत शाळकरी मुले असावीत. वही त्यांच्या हाती द्यावी. मग काठावर फलक लावावा. त्यावर गावाचे जुने नाव, ग्रामदैवत, गाव उठल्याचे वर्ष आणि गावकरी आज जेथे राहतात त्या ठिकाणाचे अंतर, एवढ्या चार ओळी पुरेत. उद्घाटकाचे नाव नसले तरी चालेल.